डोक्यातला फुगा

'डोकं दुखतंय? गोळी घे आणि झोप.' मंचर-नारायणगावच्या एसटीत हा सल्ला फुकट मिळतो. बहुतेकदा चालतोही! पण क्षणात, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी उसळली, सोबत उलटी, मान ताठ, तर झोपू नका. १०८ फिरवा. जुन्नरहून पुणं नव्वदेक किलोमीटर, त्यात चाकणची कोंडी तुम्हाला माहितीच आहे.

सायकलच्या ट्यूबचं रबर विरलं की तिथे फुगा येतो ना, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरचा तसाच फुगा म्हणजे अ‍ॅन्युरिझम. २५ मिलिमीटर किंवा मोठा असला की 'जायंट'. तो फुटण्याआधीच शेजारच्या नसा दाबतो. पापणी लोंबते, एकाचे दोन दिसतात. आपण मात्र चष्म्याचा नंबर बदलत बसतो.

फुग्याच्या मानेवर चिमटा लावायची शस्त्रक्रिया १९३७ पासूनची. पण जायंटची मान रुंद, चिमटा नीट बसत नाही. म्हणून हल्ली अनेकदा मांडीच्या धमनीतून बारीक जाळीची नळी नेऊन आत बसवतात. रक्त नळीतून सरळ पुढे जातं, फुगा काही महिन्यांत आतूनच गोठतो. तोवर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायच्या नाहीत, घरी कांदा काढणीची कितीही धांदल असली तरी.