कोड उघडला म्हणजे दुकान बुडालं?

काळेवाडीतल्या वर्कशॉपवाल्यांपुढे स्टॉक-बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा विषय काढला की एक वाक्य ठरलेलं: "कंपनीने कोड फुकट वाटला, तर ती खाणार काय?" तोंडी सांगून थकलो, म्हणून आता लिहूनच देतो.

गैरसमज: विकायचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स केलं की धंदा बसतो.

वस्तुस्थिती: चाकणच्या कंपनीचं ड्रॉइंग तुमच्याकडे येतं, तसंच शेजारच्या शेडमध्येही जातं. तुम्हाला पैसे ड्रॉइंगचे मिळतात की मायक्रॉनमध्ये बसवलेल्या कामाचे? मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट असंच चालतं. खरेदी, स्टॉक, उत्पादन, हिशेब असं सगळं त्यात आहे आणि कोड जीपीएल परवान्याखाली कुणालाही खुला आहे. कंपनी पैसे घेते ते सर्व्हर सांभाळण्याचे आणि अडचणी सोडवण्याचे. मशिनची एएमसी भरणाऱ्याला हे अवघड वाटू नये!

बुडायला कोड उघडाच लागतो असंही नाही. थ्रीडी चित्रांचं ब्लेंडर बनवणारी डच कंपनी २००२ मध्ये बंद पडली, तेव्हा कोड कुलपातच होता. वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून तो सोडवला. त्याच ब्लेंडरवर बनलेल्या 'फ्लो' या ॲनिमेशनपटाला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं.

म्हणून सगळ्यांनीच उघडावं का? नाही. सर्च सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलास्टिक कंपनीचा खुला माल मोठ्या क्लाउड कंपन्या विकत होत्या, म्हणून तिने २०२१ मध्ये परवाना आवळला. २०२४ मध्ये पुन्हा खुला पर्याय दिला. परवाना विचारपूर्वक निवडावा लागतो.

आता किरकोळ गैरसमज.

"माझे रेट शेजाऱ्याला दिसतील." खुला असतो तो कोड, तुमचा डेटा नाही.

"वापरणारे भरपूर, म्हणजे चुका आपोआप सुधारतात." जगभरच्या सर्व्हरवर असलेल्या ओपनएसएसएल या सुरक्षेच्या खुल्या सॉफ्टवेअरमधली हार्टब्लीड ही चूक दोन वर्षं तशीच होती, २०१४ मध्ये सापडली. सांभाळणारे मोजकेच होते.

"मालकाने मनात आणलं की झालं." नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा कोड खुला करण्याची घोषणा जानेवारी १९९८ मध्ये केली, पण मार्चअखेर कोड देण्याआधी त्यातला परक्या कंपन्यांचा कोड उपसून काढावा लागला.

पुढच्या वेळी सॉफ्टवेअरवाला डेमो द्यायला आला, की "कंपनी काय खाणार" ही काळजी त्याची त्याला करू द्या. तुम्ही एवढंच विचारा: "उद्या तुमचं शटर पडलं, तर आमची बिलं कशी निघणार?"