पॅन्सी : हिवाळ्याची पाहुणी

फ्रेंच भाषेत ‘पाँसे’ म्हणजे विचार; त्यावरूनच ‘पॅन्सी’ हे नाव आले. किंचित झुकलेले, मध्ये गडद ठसा असलेले हे पाच पाकळ्यांचे फूल पाहिले की ते नाव पटते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील माळ्यांनी रानफुलांच्या संकरातून ते घडविले.

थंड हवेच्या या फुलाला महाराष्ट्रात हिवाळ्याचेच काही महिने लाभतात. वेळ साधण्याचे मोल व्यापारी कुटुंबांना सांगायला नको; पॅन्सीचे यशही त्यातच आहे. पावसाळा ओसरताच, ऑक्टोबरच्या प्रारंभी बी पेरून त्यावर मातीचा पातळ थर द्यावा. अंधारात ते चांगले रुजते. साधारण दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. चार-पाच पाने फुटल्यावर रोपे वाफ्यात ६ ते ८ इंच अंतराने लावावीत. ८ इंची कुंडीत एक रोप पुरे. तळाचे छिद्र मोकळे असावे. मातीत कुजलेले शेणखत मिसळावे, सकाळचे ऊन द्यावे आणि पाणी बुंध्याशीच घालावे. पाणी साचल्यास मुळे कुजतात. दाटी टाळून हवा खेळती ठेवल्यास रोगांना वाव कमी मिळतो आणि फवारणीची गरजही कमी पडते.

सुकलेले फूल देठासह खुडावे. बी धरू लागलेले रोप फुलणे कमी करते. नियमित खुडणीने बहर लांबतो. मार्चच्या उन्हात मात्र रोपे माना टाकू लागतात. तेव्हा जादा पाणी घालून त्यांना रोखू नये. त्यांचे खत करावे. पुढच्या हिवाळ्यातील रोपांना ते उपयोगी पडेल.