मेम्फिसचे लॉरेन मोटेल

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिसला जाणारा प्रवासी सहसा एल्विस प्रेस्लीचा ग्रेसलँड बंगला पाहायला जातो. त्याच शहरात मलबेरी स्ट्रीटवर एक दुमजली मोटेल आहे. फिरोजी दारे, उंच पिवळी पाटी, अंगणात जुन्या काळातल्या दोन लांबलचक मोटारी. वरच्या मजल्यावर चाळीच्या गॅलरीसारखा सलग सज्जा आहे. तिथे 306 क्रमांकाच्या दारासमोर कठड्याला लाल-पांढरे पुष्पचक्र अडकवलेले असते. 4 एप्रिल 1968 रोजी सायंकाळी 6 वाजून 1 मिनिटाने मार्टिन ल्यूथर किंग इथे गोळी लागून कोसळले. वय अवघे 39.

वॉल्टर बेली या कृष्णवर्णीय गृहस्थाने 1945 मध्ये ही वास्तू विकत घेतली. पत्नीचे नाव लोरी, शिवाय ‘स्वीट लॉरेन’ हे गाणे तेव्हा लोकांच्या ओठांवर. त्यावरून हॉटेलला नाव मिळाले. दक्षिणेतली चांगली हॉटेले काळ्या माणसाला दारात उभे करत नसत, त्या काळात लॉरेनमध्ये स्वच्छ खोली आणि घरचे जेवण मिळे. रे चार्ल्स, अरीथा फ्रँकलिन, ओटिस रेडिंग इथे उतरत. ‘इन द मिडनाइट अवर’ आणि ‘नॉक ऑन वुड’ ही गाजलेली गाणी इथल्याच खोल्यांमध्ये रचली गेली.

किंग मेम्फिसला आले ते मात्र कचऱ्याच्या गाडीमुळे. त्यांचे वॉशिंग्टनमधले स्वप्नाचे भाषण सगळ्यांना ठाऊक असते; ते सफाई कामगारांच्या संपात मारले गेले, हे फार थोड्यांना.

1 फेब्रुवारी 1968 ला शहरात मुसळधार पाऊस होता. (त्याच दिवशी, त्याच शहरात एल्विसला मुलगी झाली.) एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार पावसापासून आडोसा म्हणून गाडीच्या मागच्या पोकळीत शिरले. कचरा दाबणारे यंत्र अचानक सुरू झाले आणि दोघेही त्यात चिरडले गेले. गाड्या जुनाट आहेत, अशी ओरड आधीपासूनच होती. पावसाने काम थांबले की काळ्या कामगारांना तुटपुंजी मजुरी देऊन घरी पाठवायचे, हा राग वेगळाच. 12 फेब्रुवारीला सुमारे 1,300 कामगारांनी काम बंद केले. पगारवाढ हवी होती, तशी युनियनला मान्यताही. महापौर हेन्री लोब यांनी संप बेकायदा ठरवला आणि हटून बसले. कामगार मात्र रोज मोर्चा काढत. छातीवरच्या फलकांवर एकच वाक्य: मी माणूस आहे.

किंग तेव्हा गोऱ्या-काळ्या सगळ्याच गरिबांना घेऊन वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याच्या तयारीत होते. हाती वेळ नव्हता, तरी ते आले. 28 मार्चचा मोर्चा बिघडला, दुकाने फुटली आणि पोलिसांच्या गोळीने लॅरी पेन हा सोळा वर्षांचा मुलगा गेला. अहिंसेच्या पुरस्कर्त्याच्या मोर्चात हे घडल्याचा ठपका धुऊन काढायचा होता. म्हणून 3 एप्रिलला ते पुन्हा आले, लॉरेनच्या 306 मध्ये उतरले, वादळी रात्री मेसन टेम्पलमध्ये बोलले आणि दुसऱ्या दिवशी मोटेलसमोरच्या स्वस्त भाड्याच्या निवासगृहातून जेम्स अर्ल रे याने नेम धरला. लोरी बेली यांना त्याच संध्याकाळी मेंदूचा झटका आला. किंग यांच्या अंत्यविधीच्याच दिवशी, 9 एप्रिलला त्या वारल्या. संप 16 एप्रिलला मिटला. युनियनला मान्यता आणि कामगारांना पगारवाढ, दोन्ही मिळाल्या. पण तेव्हाच्या संपकऱ्यांना पालिकेचे निवृत्तिवेतन नव्हते आणि 2017 मध्ये हयात असलेल्या मोजक्या वृद्धांना शहराने अखेर अनुदान जाहीर केले.

बेलींनी 306 नंबरची खोली पुन्हा कोणाला भाड्याने दिली नाही. धंदा मात्र बसला. 1982 मध्ये लिलावात स्थानिक मंडळींच्या एका संस्थेने मोटेल 1,44,000 डॉलरला सोडवून घेतले आणि 1991 मध्ये तिथे राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय उघडले. आत संपकाळातल्यासारखी कचऱ्याची गाडी आहे. काळ्या प्रवाशांच्या बहिष्कारामुळे गाजलेल्या माँटगोमेरीच्या बसची प्रतिकृती आहे. तीत जाऊन बसले की ड्रायव्हरचा ध्वनिमुद्रित आवाज जागा सोडून मागे जायला फर्मावतो. शेवटी काचेआडची 306: विस्कटलेला पलंग, कॉफीचे कप. 2002 मध्ये समोरची इमारतही संग्रहालयात आली. तिथे मारेकऱ्याची खिडकीही दाखवतात. ती दाखवली नसती तरी काही बिघडले नसते.

मोटेलच्या शेवटच्या भाडेकरू बाईंना 1988 मध्ये पोलिसांनी बाहेर काढले. तेव्हापासून तीस वर्षांहून अधिक काळ त्या समोरच्या पदपथावर धरणे देत राहिल्या. मोटेलमध्ये गरिबांना घरे द्या, किंग यांना तेच आवडले असते, हे त्यांचे म्हणणे. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. 1959 मध्ये भारतात आलेल्या किंग यांनी मुंबईच्या फुटपाथवर झोपलेली माणसे पाहिली आणि परतल्यावर त्याविषयी अस्वस्थ होऊन लिहिलेही. तरी माझे मत संग्रहालयाच्या बाजूने पडते. ते नसते तर मोटेल पाडले गेले असते आणि कोल-वॉकर यांची नावे आज कोणी घेतली नसती.

संग्रहालय मंगळवारी बंद असते; अंगणातून सज्जा मात्र केव्हाही पाहता येतो. आत गेलात तर अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि 306 कडे धावण्याआधी त्या कचऱ्याच्या गाडीपाशी थांबा. मेम्फिस लांब पडत असेल, तर मुंबईत गावदेवीचे मणिभवन हे गांधी संग्रहालय जवळ आहे. किंग तिथेही राहिले होते.