ओकचं बी वाळवू नका

बी खडखडीत वाळवून डबीत ठेवायचं, ही आपली जुनी सवय. ओकच्या बाबतीत ती घातक. इंग्लंडच्या बागांत पानगळीच्या दिवसांत पडणारं त्याचं फळ, म्हणजे एकॉर्न, वाळलं की मेलंच. म्हणून ते आधी पाण्यात टाकून पाहतात. तरंगलं तर बहुधा किडकं किंवा पोकळ.

पेरायचं खोल कुंडीत, कारण कोंब दिसण्याआधीच सोटमूळ खाली धावतं. वर जाळी हवी. उंदीर आणि खारी टपलेल्याच असतात. कावळ्याच्या कुळातला 'जे' पक्षी एकॉर्न जमिनीत पुरतो आणि काही तिथंच राहून रुजतात. बिनपगारी माळीच तो!

रोप घरापासून दूरच लावावं. ओक २० मीटरपेक्षा उंच होतो. बुंध्याभोवती पालापाचोळा पसरावा, पण खोडाला टेकवू नये, साल कुजते.