बॅप्टिस्ट मंडळी

ख्रिस्ती धर्माच्या प्रॉटेस्टंट शाखेतील बॅप्टिस्ट पंथाची स्थानिक उपासक-संघटना. या पंथात ‘चर्च’ या संज्ञेने प्रथमतः एखाद्या प्रदेशाची किंवा राष्ट्राची धर्मसंस्था अभिप्रेत नसते. एका ठिकाणी एकत्र येणारा, स्वतःच्या श्रद्धेची कबुली देऊन बाप्तिस्मा घेतलेला विश्वासणाऱ्यांचा समुदाय, एवढाच तिचा अर्थ असतो. मराठी ख्रिस्ती समाजात रूढ असलेला ‘मंडळी’ हा शब्द या कल्पनेला ‘चर्च’ या शब्दापेक्षा अधिक जवळचा आहे. कारण त्यातून इमारत सूचित होत नाही, माणसे सूचित होतात.

उगम : पंथाचा आरंभ सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाला. इंग्लंडमधील राजमान्य चर्चपासून फुटून निघालेल्या एका गटाने छळाच्या भीतीने हॉलंडमध्ये आश्रय घेतला. त्यांचा नेता जॉन स्मिथ (मृ. १६१२) हा पूर्वाश्रमीचा अँग्लिकन धर्मगुरू. बालपणी झालेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, अशी त्याची खात्री झाली आणि १६०९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे त्याने प्रथम स्वतःला व नंतर आपल्या अनुयायांना बाप्तिस्मा दिला. स्वतःच स्वतःला दीक्षा देण्याच्या या कृतीविषयी पुढे त्यालाच शंका वाटू लागली व तो मेनोनाइटांकडे झुकला. त्याचा सहकारी टॉमस हेल्विस याने मात्र गट सोडला नाही. सु. १६१२ मध्ये तो थोड्या लोकांसह इंग्लंडला परतला व लंडनजवळ स्पिटलफील्ड्स येथे त्याने इंग्लंडच्या भूमीवरील पहिली बॅप्टिस्ट मंडळी स्थापन केली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने, राजाची सत्ता प्रजेच्या देहावर व मालमत्तेवर चालते, आत्म्यावर नाही, असे प्रतिपादन केले. आणि हे स्वातंत्र्य त्याने केवळ आपल्या पंथापुरते नव्हे, तर ज्यू, मुसलमान व पाखंडी ठरविलेल्यांसाठीही मागितले. हेल्विसला न्यूगेटच्या तुरुंगात टाकण्यात आले व सु. १६१६ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

यापूर्वी सु. पंचाऐंशी वर्षे, १५२५ मध्ये, झुरिक येथे ॲनाबॅप्टिस्टांनी प्रौढ बाप्तिस्म्याचा पुरस्कार केला होता. त्यांच्यापैकी फेलिक्स मान्त्स यास १५२७ मध्ये नदीत बुडवून ठार मारण्यात आले; पाण्याविषयीच्या मताबद्दल पाण्याचीच शिक्षा, असा हा क्रूर न्याय होता. बॅप्टिस्ट पंथ हा ॲनाबॅप्टिस्टांचा थेट वारस की इंग्रज प्युरिटन चळवळीचे अपत्य, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र इंग्लंडमधील घटनाक्रम पाहता दुसऱ्या मताची बाजू अधिक भक्कम वाटते.

ख्रिस्ताचे बलिदान सर्वांसाठी झाले असे मानणारे ‘जनरल’ व ते निवडलेल्यांसाठीच झाले असे मानणारे, कॅल्व्हिनच्या विचाराचे ‘पर्टिक्युलर’, असे दोन गट इंग्लंडमध्ये लवकरच पडले. लंडनच्या सात पर्टिक्युलर मंडळ्यांनी १६४४ मध्ये काढलेल्या श्रद्धानिवेदनात, बाप्तिस्मा संपूर्ण देह पाण्यात बुडवूनच द्यावा, असा नियम स्पष्टपणे आला. तोवर पाणी ओतण्याची पद्धतही चालत असे. अमेरिकेत रॉजर विल्यम्स याने प्रॉव्हिडन्स येथे सु. १६३८-३९ मध्ये पहिली मंडळी स्थापिली. तो स्वतः काही महिन्यांतच तिच्यातून बाहेर पडला. परवान्याशिवाय प्रवचन केल्याबद्दल बारा वर्षे तुरुंगवास भोगणारा जॉन बन्यन याच परंपरेतील. त्याच्या रूपककथेचा हरि केशवजी यांनी केलेला यात्रिक क्रमण (१८४१) हा अनुवाद मराठी कथावाङ्मयाच्या इतिहासात नोंदला जातो. पाण्याच्या बाप्तिस्म्याविषयीचा मतभेद प्रभुभोजनाच्या आड येऊ नये, असे बन्यनचे मत होते व त्याबद्दल त्याला स्वपंथीयांचा रोष पत्करावा लागला.

श्रद्धा व बाप्तिस्मा : पवित्र शास्त्र हेच श्रद्धेचे व आचरणाचे अंतिम प्रमाण, प्रत्येक विश्वासणारा पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून देवासमोर उभा राहू शकतो, मंडळी राज्यसत्तेपासून स्वतंत्र असावी, या पंथाच्या सर्वमान्य धारणा आहेत. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व व पुनरुत्थान यांविषयी बॅप्टिस्टांचे मत इतर प्रॉटेस्टंटांहून वेगळे नाही. सर्वांवर बंधनकारक असा मतांगीकार मात्र त्यांच्याकडे नाही. १६८९ चे लंडनचे किंवा १८३३ चे न्यू हॅम्पशरचे निवेदन अनेक मंडळ्या आधारासाठी घेतात. एखादी मंडळी ते बदलू शकते किंवा नाकारूही शकते.

वेगळेपण आहे ते बाप्तिस्म्यात. जो विश्वास ठेवू शकतो त्यालाच बाप्तिस्मा द्यावा, हे मूळ सूत्र असून त्यावरून बालकांचा बाप्तिस्मा आपोआपच त्याज्य ठरतो. पौलाच्या रोमकरांस पत्रातील सहाव्या अध्यायाच्या आधारे पाण्याखाली जाणे हे ख्रिस्ताबरोबर पुरले जाण्याचे व वर येणे हे नव्या जीवनाचे चिन्ह मानले जाते. बाप्तिस्म्याने तारण होत नाही. झालेल्या तारणाची ती जाहीर साक्ष होय. म्हणून बॅप्टिस्ट लेखक ‘संस्कार’ हा शब्द टाळून ‘विधी’ असे म्हणणे पसंत करतात. प्रभुभोजन हा दुसरा विधी. बालबाप्तिस्म्याच्या बाजूने इतर पंथांचा युक्तिवाद असा की, नव्या करारात संपूर्ण कुटुंबांना बाप्तिस्मा दिल्याचे उल्लेख आहेत आणि जुन्या करारातील सुंतेप्रमाणे बाप्तिस्मा ही देवाच्या कराराची खूण असल्याने ती मुलांनाही लागू होते. हा वाद केवळ शास्त्रार्थाचा नाही. बालबाप्तिस्मा मानणाऱ्या समाजात मूल जन्मतःच धर्मसमाजाचे घटक बनते. बॅप्टिस्टांच्या घरी जन्मलेले मूल मोठे होऊन स्वतः निर्णय घेईपर्यंत मंडळीचे सभासद नसते, आणि तो निर्णय नकाराचाही असू शकतो.

या मताचे पडसाद बायबलच्या भाषांतरातही उमटले. ग्रीक मूळ शब्दाचा धात्वर्थ ‘बुडविणे’ असा आहे. बंगालीत भाषांतर करणाऱ्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी त्यासाठी बुडविणे या अर्थाचाच शब्द योजला, तेव्हा ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने अशा आवृत्त्यांना पैसा देण्याचे नाकारले. परिणामी १८४० मध्ये इंग्रज बॅप्टिस्टांनी स्वतंत्र भाषांतर संस्था काढली. मराठी बायबलात रूढ झालेला ‘बाप्तिस्मा’ हा शब्द ग्रीकचे केवळ लिप्यंतर असल्याने पाणी शिंपडणारे व बुडविणारे असे दोन्ही पक्ष तो निःशंकपणे वापरू शकतात. शब्द न उलगडल्यामुळे तंटा टळला, असे याबाबतीत म्हणावे लागते.

संघटना : मंडळीचे सभासदच तिचे सर्वोच्च अधिकारी होत. पाळकाची निवड व बडतर्फी, नव्या सभासदांचा स्वीकार, शिस्तभंगाबद्दलची कारवाई, जमाखर्च हे विषय सभासदांच्या सभेत ठरतात. पाळक आणि सेवक (डीकन) ही दोनच पदे बहुधा असतात, बिशप नसतो. मंडळीची स्थापना बहुधा एखाद्या घरातील प्रार्थनासभेतून होते. पुरेसे लोक जमले म्हणजे ते एक श्रद्धानिवेदन स्वीकारतात आणि परस्परांशी कसे वागावे याचा एक करार करतात. अमेरिकेत १८५३ मध्ये प्रसिद्ध झालेला या कराराचा एक नमुना पुढे फार प्रसार पावला. त्यात कौटुंबिक उपासना, व्यवहारातील सचोटी यांबरोबर मद्याचे सेवन व विक्री या दोहोंपासून दूर राहण्याचे वचनही आहे. अलीकडे अशा करारालाच ध्येय किंवा दृष्टी यांचे निवेदन जोडण्याची पद्धत पडली आहे. मंडळ्या मिळून संघ किंवा परिषदा स्थापन करतात, १९०५ मध्ये लंडन येथे जागतिक बॅप्टिस्ट संघही स्थापन झाला. पण या संस्थांना मंडळीवर हुकूम चालविता येत नाही. या व्यवस्थेचा गुण आणि दोष एकच आहे. लहान मंडळी कोणाची परवानगी न घेता उभी राहते, आणि फुटतेही तितक्याच सहजपणे. अमेरिकेतील बॅप्टिस्ट तर गुलामगिरीच्या प्रश्नावर १८४५ मध्ये दुभंगले. निग्रोंच्या नागरी हक्कांसाठी लढलेला मार्टिन ल्यूथर किंग (१९२९–६८) हाही बॅप्टिस्ट पाळकच होता.

भारतात व मराठी मुलखात : इंग्लंडमध्ये १७९२ साली स्थापन झालेल्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचा विल्यम केरी (१७६१–१८३४) हा १७९३ मध्ये बंगालमध्ये आला. ईस्ट इंडिया कंपनीचा मिशनऱ्यांना विरोध असल्याने १८०० पासून त्याने डॅनिश अंमलाखालील श्रीरामपूर येथे मार्शमन व वॉर्ड यांच्यासह ठाणे मांडले. त्याच वर्षी २८ डिसेंबर रोजी कृष्ण पाल या सुताराला हुगळीच्या पात्रात बाप्तिस्मा देण्यात आला. फोर्ट विल्यम कॉलेजात केरी बंगाली व संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत असे. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्याने सिद्ध केलेले मराठी व्याकरण (१८०५), मराठी–इंग्रजी कोश (१८१०) व नव्या कराराचे भाषांतर (१८११) ही मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातील महत्त्वाची कामे होत. कोशासाठी मोडी लिपीचे खिळे वापरण्यात आले. कोकणीतील नवा करारही श्रीरामपूर येथेच एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात छापला गेला. या भाषांतरांची भाषा घडली ती मराठी व कोकणी प्रदेशांपासून शेकडो मैल दूर. त्यामुळे ती लोकांच्या तोंडी रुळली नाही, आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांना मराठी भाषांतराचे काम नव्याने हाती घ्यावे लागले.

हे अमेरिकन मिशनरी बॅप्टिस्ट का नव्हते, याचे उत्तर एका जलप्रवासात सापडते. १८१२ च्या फेब्रुवारीत काँग्रिगेशनल पंथाचे काही तरुण दोन जहाजांनी अमेरिकेहून कलकत्त्यास निघाले. श्रीरामपूरच्या बॅप्टिस्टांशी गाठ पडणार म्हणून ॲडोनिरम जडसन याने वाटेत बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास केला आणि त्याचेच मत पालटले. त्याने ६ सप्टेंबर १८१२ रोजी कलकत्त्यात बुडवून बाप्तिस्मा घेतला. ल्यूथर राइस यानेही त्याचे अनुकरण केले. जडसन ब्रह्मदेशाकडे वळला. राइसने अमेरिकेत परतून बॅप्टिस्टांची मिशन संस्था उभी केली. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांनी पूर्वीचेच मत कायम ठेवले, आणि १८१३ च्या फेब्रुवारीत ते मुंबईस उतरले. मुंबई व अहमदनगरकडील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत बालबाप्तिस्म्याची परंपरा आली ती यामुळे.

त्यानंतर एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखात बॅप्टिस्टांचे काम तुरळकच राहिले. डॉ. जॉन विल्सन यांच्याकडून १८३९ मध्ये मुंबईत दीक्षा घेतलेले पारशी तरुण होरमसजी पेस्तनजी हे पुढे बॅप्टिस्ट मताचे झाले. विदर्भात मेळघाटातील कोरकू लोकांमध्ये चाललेले एक जुने मिशन १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह बॅप्टिस्ट मिशन संस्थेकडे आले. शेजारच्या तेलुगू प्रदेशातील चित्र अगदी निराळे. तेथे १८७६–७८ च्या दुष्काळात जॉन क्लाउ या मिशनऱ्याने बकिंगहॅम कालव्याच्या एका भागाचे खोदकाम मक्त्याने घेऊन उपाशी लोकांना काम दिले. अन्नाच्या आशेने कोणी धर्म स्वीकारू नये म्हणून त्या काळात त्याने बाप्तिस्मे थांबविले होते. ते पुन्हा सुरू झाल्यावर ओंगोलजवळ गुंडलकम्मा नदीत ३ जुलै १८७८ या एका दिवशी २,२२२ जणांना बाप्तिस्मा देण्यात आला. ईशान्य भारतात नागालँड व मिझोराम येथे या पंथाचा मोठा प्रसार आहे.

नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा पंथसंस्थांच्या विलीनीकरणाने उत्तर भारत चर्च (सी. एन. आय.) अस्तित्वात आले. त्यात उत्तर भारतातील बॅप्टिस्ट परिषदही सामील झाली. बालबाप्तिस्मा व विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा हे दोन्ही पर्याय ग्राह्य मानण्याची तडजोड तेथे करण्यात आली. पण अनेक बॅप्टिस्ट संघ स्वतंत्रच राहिले.

दक्षिण कोकण : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील तेरेखोल नदीकाठचे बांदा हे गाव गोव्याच्या सीमेलगत आहे. या भागातील बहुसंख्य ख्रिस्ती रोमन कॅथलिक असून त्यांचे गोव्याशी घनिष्ठ संबंध आहेत. पूर्वी पुणे धर्मप्रांतात असलेल्या या प्रदेशासाठी २००५ मध्ये सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. वेंगुर्ले येथे सेंट ल्यूक रुग्णालय चालविणारे अमेरिकन मिशन प्रेस्बिटेरियन पंथाचे, म्हणजे बालबाप्तिस्मा मानणारेच होते. अशा परिसरात बॅप्टिस्ट मताची मंडळी उभी राहू पाहते तेव्हा पहिला प्रश्न पुनर्बाप्तिस्म्याचा असतो. बालपणी बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक व्यक्तीने पुन्हा पाण्यात उतरणे, हे तिच्या मूळ चर्चच्या दृष्टीने एकदाच व्हावयाच्या संस्काराची अवज्ञा ठरते. बॅप्टिस्टांच्या दृष्टीने मात्र तोच पहिला व एकमेव बाप्तिस्मा असतो. बारशाच्या वेळी मुलाला हातांवर घेणारे धर्म-आईबाप, पॅरिशमधील सण आणि घराण्याची दफनभूमी यांनी बांधलेल्या समाजात या भेदाचे ओझे त्या व्यक्तीपेक्षा तिच्या आईवडिलांवर अधिक पडते. हिंदू कुटुंबातून येणाऱ्याला हा शास्त्रीय पेच नसतो, पण नात्यांचा असतो.

दुसरा प्रश्न व्यवहाराचा. बिशप नसल्यामुळे मालमत्ता धर्मप्रांताच्या नावे नसते. ती मंडळीच्या स्वतःच्या विश्वस्तांकडे असते व त्यासाठी मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० (आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जाणारा) याखाली नोंदणी करावी लागते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियमानुसार, धर्मप्रांतीय दीक्षेचा आधार नसलेल्या पाळकाला लग्ने लावण्यासाठी शासनाचा परवाना मिळवावा लागतो. राज्यसत्तेने उपासनेत हात घालू नये म्हणून ज्या पंथाचे पहिले पुढारी तुरुंगात गेले, त्याच्या पाळकाला लग्न लावण्यासाठी सरकारी परवाना लागतो, हे कायद्याच्या रचनेतून आले आहे, पंथाच्या मतातून नव्हे. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिलेले आहे. मात्र प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. स्वतःहून धर्म बदलणाऱ्या व्यक्तीच्या सद्‌सद्‌विवेकाचे स्वातंत्र्य त्याच अनुच्छेदात वेगळे नमूद आहे.