मुक्त कार्यप्रणाली आणि मराठी मजकूर

प्रास्ताविक

विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तुमचा लॅपटॉप जुना असेल, तर नवा विकत घेण्याऐवजी त्यावर लिनक्ससारखी मुक्त कार्यप्रणाली बसवण्याचा पर्याय तुमच्यापुढे आहे. हा पर्याय वरवर तांत्रिक वाटतो. परंतु मराठीच्या अभ्यासकासाठी त्यात लिपीचा आणि आपल्या लेखनाच्या जतनाचा प्रश्न गुंतलेला आहे.

‘मुक्त’ म्हणजे काय?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील साधने त्याला जोडली गेली. येथे ‘मुक्त’ म्हणजे केवळ मोफत नव्हे. वापरणे, अभ्यासणे, बदलणे आणि इतरांना देणे ही चार स्वातंत्र्ये त्यात अभिप्रेत आहेत. त्यामुळे भाषकांना आपल्या भाषेची सोय स्वतः करता येते. कंपनीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने घडवलेला ‘मुक्त’ हा देवनागरी फॉन्ट याच तत्त्वावर सर्वांना खुला आहे.

जुना मजकूर का वाचता येत नाही?

माझ्या प्रबंधासाठी जमवलेली बोलीविषयक टिपणे मी नागपुरात, नव्वदच्या दशकात, तेव्हाच्या एका प्रचलित फॉन्टमध्ये टंकली होती. लिनक्स बसवल्यावर ती उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरांची अर्थहीन रांग दिसली. दोष लिनक्सचा नव्हता. जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या सांकेतिक जागांवर देवनागरी आकार बसवीत. फाइलमध्ये मराठी वर्ण साठवलेच जात नसत. फॉन्ट नसला की मराठीही नसे.

युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला स्वतंत्र क्रमांक असतो आणि वर्ण उच्चाराच्या क्रमाने साठवले जातात. ‘कि’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर साठवला जाई. युनिकोडमध्ये ‘क’ आधी येतो. म्हणूनच रूपांतरात ऱ्हस्व इकार आणि रफार यांच्या चुका अधिक आढळतात. माझ्या टिपणांतील काही शब्द आजही संशयास्पद आहेत. ते सांगणारी माणसे आता हयात नाहीत आणि छापील प्रतही मी ठेवली नव्हती.

मराठीची आणखी दोन वैशिष्ट्ये लक्षात घ्या. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन; हा अर्थभेद दाखवण्यासाठी ‘ऱ’ हा वेगळा वर्ण वापरावा लागतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेला शब्द दिसायला सारखा असला, तरी संगणकाच्या दृष्टीने निराळा असतो. त्यामुळे तो शोधताना सापडेलच असे नाही.

बदल करण्यापूर्वी

१. सर्व फायलींची प्रत बाह्य डिस्कवर घ्या. लिनक्स बसवताना संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय निवडल्यास मूळ फायली नष्ट होतात.

२. जुन्या फॉन्टमधील मजकुराची पीडीएफ प्रत जुन्या कार्यप्रणालीवरच तयार करा. नंतर मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून त्या प्रतीशी ओळीने ताडून पाहा.

३. लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर चालतात याची खात्री करा.

४. कळफलकाच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट जोडा आणि ‘दऱ्या’ हा शब्द टंकून पाहा. ‘द’, ‘ऱ’, हलन्त, ‘य’ आणि काना असा क्रम ठेवा.

सारांश

कार्यप्रणाली बदलता येते, लॅपटॉपही बदलता येतो. परंतु चुकीच्या संकेतनात साठवलेला मजकूर परत मिळेलच असे नाही. म्हणून आधी मजकूर युनिकोडमध्ये सुरक्षित करावा आणि मगच यंत्राकडे वळावे.

स्वाध्याय

१. जुन्या फॉन्टमधील आणि युनिकोडमधील वर्णक्रमाचा फरक सोदाहरण स्पष्ट करा.

२. तुमच्याकडील एक जुनी मराठी फाइल रूपांतरित करा आणि आढळलेल्या चुकांचे वर्गीकरण करा.