घोड्याचा तंग : निवड, माप आणि निगा

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत घोड्याचे काम पूर्वीइतके उरलेले नाही. टांगे जवळपास नाहीसे झाले आणि पाटलाच्या दारची घोडीही क्वचितच दिसते. तथापि घोडा या भागातून अजिबात गेला, असे म्हणता येणार नाही. मेंढपाळांचे बिऱ्हाड अजून तट्टाच्या पाठीवरून हलते. लग्नाच्या वरातीस घोडा लागतो. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे घोडे आजही सांभाळले जातात. लोहा तालुक्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत मार्गशीर्ष महिन्याच्या अखेरीस घोड्यांचा मोठा बाजार भरतो. त्या बाजारात गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहते, चाल पाहते, भोवरे पाहते, परंतु पुढच्या पायाच्या मागे, जेथे तंग बसतो, तेथे हात फिरवून पाहणारा विरळा. वस्तुतः जनावर कसे वापरले गेले आहे, याचा खरा पुरावा तेथेच असतो.

खोगीर पाठीवर धरून ठेवणारा, छातीखालून जाणारा पट्टा म्हणजे तंग. घोड्याच्या सर्व सरंजामात ही वस्तू सर्वांत स्वस्त, आणि म्हणूनच तिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. तंग चुकीचा असल्यास काय घडते, हे एका उदाहरणावरून सांगतो.

एका घोडीची हकिकत

लोहा तालुक्यातील एका शिवारात रब्बीचे पीक निघाल्यावर खतासाठी मेंढ्या बसविल्या होत्या. मेंढपाळाची घोडी ओझे घेण्यास तयार होईना. खोगीर जवळ आणले की कान मागे पाडी, दात दाखवी. घोडी खोडकर झाली, आता विकून टाकावी, असा घरातील मंडळींचा विचार चालला होता. जवळ जाऊन पाहिले तेव्हा पुढच्या पायाच्या मागे दोन्ही बाजूंस तळहाताएवढी कातडी सोललेली होती.

"मामा, तंग कशाचा आहे?" असे विचारले.

"नायलॉनची दोरी हाय, साहेब. तुटत न्हाई, सडत न्हाई."

दोरी तुटत नव्हती हे खरे, पण तिच्याखालची कातडी तुटत होती. पुढे तीन आठवडे घोडीस विश्रांती द्यावी लागली. तेवढ्या दिवसांत बिऱ्हाड दोनदा हलवावयाचे होते. त्यासाठी भाड्याने टेंपो करावा लागला. त्या भाड्यात चांगले चार तंग आले असते. घोडी खोडकर नव्हती. तिला दुखत होते, एवढेच ती सांगत होती.

तंगाचे काम कोणते आणि कोणते नाही

खोगीर पाठीवर स्थिर ठेवण्यास मदत करणे एवढेच तंगाचे काम. खोगीर मुळात घोड्याच्या पाठीस बसणारे असावे, त्याच्या दोन्ही बाजूंचा भरणा सारखा असावा, आणि त्यावरील ओझे समतोल असावे. या तीन गोष्टी नीट असल्या तर माफक कसलेला तंग पुरेसा होतो. खोगीर कलते म्हणून तंग आणखी आवळणे, हा उपाय नव्हे. तसे केल्याने दोष जागच्या जागी राहतो आणि त्याची शिक्षा कातडीस होते.

घोड्यास बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. त्यांपैकी पुढच्या आठ जोड्या छातीच्या हाडास थेट जोडलेल्या असतात. तंग याच भागावर बसतो. श्वास घेताना बरगड्या फाकतात, आणि पाऊल टाकताना छातीचे स्नायू व पुढच्या पायाचे कोपर याच जागेशेजारी हलत असतात. म्हणून तंग फार आवळला तर श्वास कोंडतो, पाऊल आखूड पडते आणि जनावर लवकर थकते.

जागा

घोडा सपाट जमिनीवर चारही पायांवर सरळ उभा करावा. पुढच्या पायाच्या कोपरामागे साधारण चार बोटे जागा सोडून तंग बसला पाहिजे. त्याहून पुढे आला तर प्रत्येक पावलाला कोपर त्यावर घासते. फार मागे गेला तर तो पोटाच्या उतारावर येतो आणि चालता चालता आपोआप पुढे सरकतो.

प्रत्येक घोड्याची बांधणी मात्र सारखी नसते. ज्याचे पोट मोठे व छाती अरुंद, त्याचा तंग पुढेच सरकू पाहतो. अशा जनावरास सरळ पट्टीपेक्षा कोपरामागे थोडा अरुंद व छातीखाली रुंद असा तंग अधिक मानवतो. घोडा थोडा चालवून आणल्यावर तंग जेथे स्थिरावतो, ती त्याची खरी जागा समजावी. तेथे तो कोपरास लागत असेल तर खोगिराची जागा किंवा तंगाचा आकार बदलावा.

माप

माप घेण्यास फितीची आवश्यकता नाही. खोगीर त्याच्या योग्य जागी ठेवावे. एका बाजूच्या पट्ट्याच्या मधल्या छिद्रापासून छातीखालून दुसऱ्या बाजूच्या मधल्या छिद्रापर्यंत सुतळी लावावी. ही सुतळीची लांबी म्हणजे तंगाची लांबी. माप असे घेतल्यास दोन्ही बक्कले सारख्या उंचीवर येतात आणि वर-खाली दोन-तीन छिद्रे शिल्लक राहतात. पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यावर घोडा भरतो, उन्हाळ्यात उतरतो. त्या वेळी ही छिद्रे उपयोगी पडतात.

बक्कल किंवा लोखंडी कडी कोपरामागे येता कामा नये. ती कोपराच्या पातळीपेक्षा बरीच वर असावी आणि तिच्याखाली कातडी किंवा जाड कापडाची गादी असावी. एका बाजूचे बक्कल वर व दुसऱ्या बाजूचे खाली, अशी स्थिती असल्यास खोगीर एका अंगास ओढले जाते.

एका घोड्याचा तंग दुसऱ्यास सहसा बसत नाही. शिवाय एकाचा तंग दुसऱ्यास घातल्याने गजकर्णासारखे कातडीचे रोग पसरतात. म्हणून प्रत्येक जनावराचा तंग वेगळा ठेवावा.

रुंदी व वस्तू

एकच ओझे बारीक दोरीने उचलले तर हातास काचते आणि रुंद पट्ट्याने उचलले तर काचत नाही. तंगाचेही तसेच आहे. स्वारीच्या घोड्यास चार बोटे रुंद तंग असावा. छातीच्या हाडाखाली तो याहून रुंद असल्यास उत्तम.

सुती नवारीचा दुपदरी किंवा तिपदरी तंग आपल्या भागास सर्वांत सोयीचा. तो घाम शोषतो, धुता येतो आणि गावात शिवून मिळतो. अनेक सुती दोऱ्या शेजारी शेजारी लावून केलेला तंगही चांगला, कारण त्यातून हवा खेळते. चामड्याचा तंग टिकाऊ असतो. पण तो मऊ ठेवावा लागतो आणि वाळून कडक झालेले चामडे दोरीइतकेच घातक ठरते.

नायलॉनची दोरी, खताच्या पोत्याची पट्टी आणि जुन्या ट्यूबची पट्टी या तीन वस्तू तंगासाठी वापरू नयेत. पहिल्या दोन कातडी कापतात. रबर घाम शोषत नाही आणि ओल्या कातडीवर चिकटून घासते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा त्रास दुप्पट होतो. तंगास ताणणारे इलॅस्टिक असल्यास ते दोन्ही टोकांस सारखे असावे. एकाच बाजूस असेल तर खोगीर दुसऱ्या बाजूकडे ओढले जाते. इलॅस्टिक ताणले जाते म्हणून तंग नकळत जास्त आवळला जातो, हेही लक्षात ठेवावे.

ज्याची कातडी नाजूक आहे, त्याच्या तंगावर जुन्या मऊ घोंगडीचे किंवा नमद्याचे अस्तर शिवावे. मात्र त्यात कुसळे राहू देऊ नयेत.

कसण्याची रीत

तंग घालण्यापूर्वी त्या जागी खरारा करून माती, वाळलेला घाम व कुसळे काढावीत. नंतर तंग एकदम न आवळता तीन टप्प्यांनी कसावा. प्रथम खोगीर घसरणार नाही इतकाच ओढावा. मग घोडा वीस-पंचवीस पावले चालवून आणखी एक छिद्र ओढावा. स्वार होण्यापूर्वी किंवा ओझे लादण्यापूर्वी शेवटचे कसावे. पुष्कळ घोडे तंग ओढताना छाती फुगवितात. त्यांना लाथ किंवा गुडघा मारण्याची रीत आहे, ती सोडून द्यावी. चार पावले चालविले की श्वास आपोआप मोकळा होतो.

कसून झाल्यावर पुढचे पाय एकेक करून हलकेच पुढे ओढावेत, म्हणजे तंगाखाली अडकलेल्या कातडीच्या सुरकुत्या सुटतात. त्यानंतर तंग व बरगड्या यांमध्ये दोन बोटे सपाट घालून पाहावीत. ती थोड्या प्रयत्नाने गेली पाहिजेत. ही परीक्षा छातीखालीही करावी. वरच्या अंगास, खोगिराच्या कडेला, पोकळी राहत असल्याने तेथे तंग ढिला आहे असा भास होतो. विश्रांतीच्या वेळी तंग दोन छिद्रे ढिला करावा आणि निघताना पुन्हा कसण्यास विसरू नये.

ओझ्याच्या तट्टासाठी

स्वार आपला तोल आपण सांभाळतो, पण ओझे सांभाळीत नाही. म्हणून ओझ्याच्या तट्टास तंगाबरोबर छातीवरून पेशबंद व शेपटीखालून दुमची लावावी. चढावर पेशबंद आणि उतारावर दुमची खोगीर अडवून धरते. त्यामुळे तंग आवळण्याची गरजच कमी होते. दुमचीही मऊ कापडात गुंडाळलेली असावी. दोन्ही बाजूंच्या गोण्या हाताने उचलून सारख्या वजनाच्या आहेत ना, हे आधी पाहावे.

ओझ्याच्या जनावरांसंबंधी १९६५ च्या केंद्रीय नियमांत कमाल मर्यादा ठरविलेली आहे. ती तट्टास ७० किलो, गाढवास ५० किलो व खेचरास २०० किलो अशी आहे. दिवसात एकूण नऊ तासांहून अधिक, किंवा विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये. तपमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते अशा भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत काम घेऊ नये, असेही हे नियम सांगतात. आपल्या दोन्ही जिल्ह्यांस उन्हाळ्यात हा शेवटचा नियम पुरेपूर लागू पडतो.

काच पडल्यास

प्रथम केस झिजतात, मग कातडी तांबूस व गरम होते, नंतर ती सोलवटते. केस झिजल्याचे दिसताच थांबले तर जखम होत नाही. जखम झालीच तर ती पूर्ण भरेपर्यंत त्या जागी तंग बांधू नये. अस्तर लावून काम चालू ठेवणे म्हणजे जखम लपविणे होय. उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यात दोन लहान चमचे मीठ घालून जखम धुवावी, माशा बसू देऊ नयेत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. चुना, डिझेल किंवा यंत्राचे जळके तेल कदापि लावू नये.

घोड्याच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. सर्व पाळीव जनावरांत धनुर्वाताची बाधा घोड्यास फार लवकर होते, आणि लहानशा जखमेतूनही ती होते. एकदा रोग जडला की जनावर वाचविणे कठीण. म्हणून जखम दिसताच धनुर्वाताच्या लसीसंबंधी पशुवैद्यकास अवश्य विचारावे.

खोल काच भरून आल्यावर त्या जागी बहुधा पांढरे केस उगवतात. बाजारात घोडा घेताना कोपरामागे असे पांढरे ठिपके दिसले, तर ते बहुधा जुन्या जखमेचे समजावेत. जनावर लगेच नाकारण्याचे कारण नाही, पण तेथे बोटाने दाबून पाहावे, खोगीर घालून पाहावे आणि त्याचे कान काय सांगतात ते ध्यानात घ्यावे.

निगा

घामातील क्षार नवारीत वाळले की ती पत्र्यासारखी कडक होते. म्हणून काम संपल्यावर तंगाची आतील बाजू ओल्या फडक्याने पुसावी आणि आठवड्यातून एकदा साध्या साबणाने धुऊन, साबण पूर्ण काढून, सावलीत वाळवावा. चामड्याचा तंग पुसून त्यास बेताचे तेल द्यावे. शिवण व बक्कले रोज पाहावीत. चालत्या घोड्याचा तंग तुटल्यास स्वार व ओझे दोन्ही खाली येतात.

ग्रामकार्यकर्त्यांस सूचना

आपल्या कार्यक्षेत्रात मेंढपाळांचा तळ पडला असता, मेंढ्यांच्या लसीकरणाच्या वेळीच तट्टांच्या तंगाची जागा पाहण्याचा परिपाठ ठेवावा. नुसते "दोरी वापरू नका" असे सांगून भागत नाही. नवार व जुनी घोंगडी घेऊन त्यांच्यासमोर एक तंग शिवून दाखवावा. वर सांगितलेल्या घोडीसाठी असाच तंग तळावरच तयार केला. मेंढपाळाच्या पत्नीने तो एका दुपारी शिवला. जखमेच्या जागी आता पांढरे केस आले आहेत. खोगीर आणले की घोडी कान मागे पाडत नाही, आणि तिला विकण्याची गोष्टही त्या घरी आता कोणी काढीत नाही.